रामटेकची सीमारेषा आणि नागपूरची वाढ

मतदारसंघाचे नाव पुष्कळदा त्याचे खरे रूप झाकून टाकते. रामटेक म्हटले की रामगिरीवरील गडमंदिर, पायथ्याचा अंबाळा तलाव, धानाची खाचरे आणि त्यापलीकडे पसरलेले पेंचचे अरण्य डोळ्यांसमोर उभे राहते. लोकसभेचा रामटेक मतदारसंघ मात्र या चित्रात मावत नाही. त्यातील मतदारांचा एक मोठा आणि सतत वाढत जाणारा वर्ग बेसा, वाडी, डिगडोह, वानाडोंगरी, बुटीबोरी अशा ठिकाणी राहतो. तो सकाळी नागपुरात किंवा नागपूरलगतच्या कारखान्यांत कामाला जातो, मुलांना शहरातील शाळांत धाडतो, आजारपणात शहरातील रुग्णालय गाठतो. आणि रामटेकला गेलाच तर त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला जातो. नावाने ग्रामीण आणि भाराने उत्तरोत्तर नागरी होत चाललेला हा मतदारसंघ आहे. नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतिथी ठरली. तिच्या आकड्यांवर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातील तेव्हा या विसंगतीचे काय करायचे, हा प्रश्न केवळ उमेदवारांच्या सोयी-गैरसोयीचा राहणार नाही. नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याचा आवाज संसदेत पोहोचणार की नाही, हे त्यावर अवलंबून आहे.

प्रथम या प्रदेशाची घडण पाहणे इष्ट ठरेल. नागपूर जिल्ह्यात बारा विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी सहा शहरातील असून त्यांचा मिळून नागपूर लोकसभा मतदारसंघ होतो. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक या उरलेल्या सहांचा रामटेक. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,९०० चौरस किलोमीटर. महापालिकेचे क्षेत्र मात्र जेमतेम २२७. म्हणजे शेजारशेजारच्या या दोन खासदारांपैकी एकाच्या वाट्याला दुसऱ्याच्या चाळीसपटींहून अधिक भूमी आलेली आहे. या भूमीतही एकजिनसीपणा नाही. पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर हा कपाशीचा आणि संत्राबागांचा काळ्या मातीचा पट्टा. पूर्वेला रामटेक, मौदा हा धानाचा. दक्षिणेला भिवापूरची मिरची. उत्तरेला देवलापारच्या परिसरात जंगलाच्या आधाराने राहणारी गोंड वस्ती. सावनेर, कामठी व उमरेड परिसरात कोळशाच्या खाणी, मनसर-कांद्रीला मँगेनीजच्या. नरखेडहून भिवापूरला जायचे तर सारा जिल्हा ओलांडावा लागतो, आणि वाटेत नागपूर शहर आडवे येते. मतदारसंघाचा मध्यच त्याच्या मालकीचा नाही. एखाद्या कड्यासारखा तो शहराभोवती पसरलेला असून कड्याच्या आतली कडा दिवसेंदिवस शहराला चिकटत चालली आहे.

ही रेषा आखली कोणी आणि केव्हा? आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली जागांची संख्या गोठविण्यात आली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना त्याबद्दल प्रतिनिधित्व गमावण्याची शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा विचार. २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. राज्याच्या अंतर्गत सीमा तेवढ्या बदलण्याची मुभा ठेवण्यात आली आणि २००३ च्या सत्त्याऐंशीव्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ च्या जनगणनेचा आधार निश्चित केला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केलेली ही पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली; २००९ ची लोकसभा निवडणूक तिच्यानुसार झाली आणि त्याच वेळी रामटेक अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तात्पर्य, आजची रेषा ही २००१ सालच्या नागपूरची रेषा आहे.

त्या वेळी तिच्यामागे एक सुस्पष्ट तर्क होता, हे नाकारता येणार नाही. शहराचे सहा शहराकडे आणि गावांचे सहा गावांकडे, ही वाटणी साधी आणि न्याय्य होती. शहराची भाकरीसारखी चतकोरे करून प्रत्येक चतकोराला काही तालुके जोडण्याचा दुसरा मार्गही आयोगापुढे असू शकला असता. तसे झाले असते तर दोन्ही मतदारसंघांत शहराचेच पारडे जड राहिले असते. ग्रामीण भागाला स्वतःचा प्रतिनिधी लाभावा म्हणून शहर आणि जिल्हा अलग ठेवणे इष्टच होते. दोष वाटणीच्या तत्त्वात नाही. शहर त्या रेषेच्या आत थांबले नाही, यात आहे.

किती थांबले नाही याची कल्पना आकडे देतात. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ४०,६७,६३७ होती. २०११ साली ती ४६,५३,५७० झाली. महापालिका हद्दीतील लोकसंख्या याच दशकात २०,५२,०६६ वरून २४,०५,६६५ वर गेली. शहर वजा केल्यास उरलेल्या जिल्ह्यात २०११ साली सुमारे साडेबावीस लाख लोक होते. परंतु जिल्ह्याची ६८ टक्क्यांहून अधिक वस्ती जनगणनेने नागरी म्हणून नोंदविली आहे. हिशेब केला तर असे दिसते की, महापालिकेबाहेरच्या साडेबावीस लाखांपैकी सुमारे पावणेआठ लाख, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक तेव्हाच नागरी ठरले होते. त्यांत कामठी, उमरेड, काटोल यांसारखी जुनी गावे आहेत, तशीच कागदोपत्री ग्रामपंचायत असूनही जनगणनेने 'नगर' मानलेली गावेही आहेत. पाच हजारांवर वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि पुरुष कामकऱ्यांपैकी किमान तीन चतुर्थांश बिगरशेती व्यवसायात, ही त्यासाठीची कसोटी होय. जी गावे या कसोटीला उतरली त्यांचे गावपण जनगणनेच्या आधीच संपले होते.

२०११ नंतरचा आकडा उपलब्ध नाही. परंतु प्रशासनाने स्वतः घेतलेले निर्णयच पुरेसे बोलके आहेत. हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे २०१३ मध्ये महापालिकेत आली. वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी यांना नगरपरिषदा मिळाल्या, तर बेसा-पिपळा, बहादुरा येथे नगरपंचायती झाल्या. मिहानच्या परिसरात 'एम्स' आणि भारतीय व्यवस्थापन संस्था उभ्या राहिल्या. समृद्धी महामार्गाचा आरंभ हिंगण्याच्या बाजूला शिवमडक्यापासून होतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची टोके पाहावीत: बुटीबोरी, कन्हान, हिंगणा, कापसी. ही सारी रामटेक मतदारसंघातली. हुडकेश्वरच्या मतदाराची स्थिती तर विशेष मासलेवाईक म्हटली पाहिजे. तो नगरसेवक निवडतो नागपूर महापालिकेचा, आमदार कामठीचा आणि खासदार रामटेकचा. त्याच्या घरासमोरच्या रस्त्याबद्दल त्याने तिघांपैकी कोणाला जाब विचारावा?

या नव्या वस्तीत राहते कोण, हेही पाहिले पाहिजे. ती कोण्या परक्यांची वसाहत नाही. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहार येथून आलेला कामगार आहे, हे खरे. शहरात भाव न परवडल्याने ले-आऊटमध्ये भूखंड घेणारा कनिष्ठ मध्यमवर्गीय आहे आणि निवृत्तीनंतर मोकळी हवा शोधणारा नोकरदारही आहे. तथापि त्यांच्याबरोबरच याच जिल्ह्याच्या आणि भंडारा-गडचिरोलीच्या गावांतून निघालेली, शेतीवर ज्यांचे भागले नाही अशा घरांतील मुले तेथे मोठ्या संख्येने आहेत. थोरला भाऊ कुहीला शेती पाहतो, धाकटा बुटीबोरीत कंत्राटी कामावर आहे, बहीण हिंगण्याच्या महाविद्यालयात शिकते, अशी कुटुंबे या मतदारसंघात घरोघरी सापडतील. जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण २०११ साली साडेअठरा टक्क्यांच्या वर आणि अनुसूचित जमातींचे नऊ टक्क्यांच्या वर होते. गावातल्या जातीच्या जाचातून आणि भूमिहीनतेतून सुटण्यासाठी शहराची वाट धरणे हा डॉ. आंबेडकरांचा संस्कार या भागात खोलवर रुजलेला आहे. तेव्हा गाव आणि शहर यांना दोन शत्रू मानून हा प्रश्न सुटणार नाही. माणूस तोच आहे. रेषेच्या कोणत्या बाजूला तो उभा आहे त्यावर त्याची गरज बदलते.

आणि गरजा बदलतात हेच तर दुखणे आहे. शहरालगतच्या ले-आऊटवासीयाला नळ, मलवाहिनी, पथदिवे आणि बस हवी आहे. ग्रामपंचायत किंवा नवी नगरपंचायत यांच्यापाशी त्यासाठी पैसा नाही आणि महापालिकेच्या हद्दीत तो नाही. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१७ मध्ये स्थापन झाले. पण त्यावर त्याचा थेट निवडलेला प्रतिनिधी नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्याची अवस्था झाली आहे. उलट नरखेडच्या बागायतदाराला गळून पडणाऱ्या आंबिया बहाराची, खोल जाणाऱ्या भूजलाची आणि प्रक्रिया उद्योगाची चिंता आहे. भिवापूरच्या शेतकऱ्याला भावाची. देवलापारच्या आदिवासीला वनहक्काची आणि शेतात शिरणाऱ्या वन्यप्राण्यांची. एकाच खासदाराने या साऱ्यांचे प्रतिनिधित्व करावे, ही अपेक्षा लोकशाहीत अस्वाभाविक नाही. परंतु शहर आणि ग्रामीण भाग यांचे हितसंबंध जेथे समोरासमोर येतात तेथे या प्रतिनिधीने कोणाची बाजू घ्यावी?

असे प्रसंग काल्पनिक नाहीत. पेंचचे पाणी हे त्यांचे सर्वांत ठळक उदाहरण होय. तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथील जलसाठ्यांवर पारशिवनी, रामटेक, मौदा भागातील सिंचन अवलंबून आहे. त्याच साठ्यातून नागपूरची तहान भागते आणि औष्णिक विद्युत केंद्रांनाही पाणी जाते. मध्य प्रदेशाने छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवरच चौराई धरण बांधल्यावर खाली येणारे पाणी घटले. जुलै २०१९ मध्ये नागपूर शहरात एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क असावा याबद्दल वाद नाही. परंतु टंचाईच्या वर्षी कालव्याच्या शेपटाकडील धानशेतीचे काय झाले याची बातमी त्या मानाने कितीशी झाली? शहराचे पाणी तुटले की ते संकट ठरते. शेताचे तुटले की तो निसर्गाचा कोप मानला जातो.

विजेची आणि सांडपाण्याची कथा याहून निराळी नाही. कोराडी, खापरखेडा आणि मौदा येथील औष्णिक केंद्रे याच मतदारसंघात आहेत. एकट्या मौद्याच्या केंद्राची क्षमता २,३२० मेगावॅट आहे. वीज साऱ्या महाराष्ट्राला आणि त्यापलीकडेही जाते, राख मात्र भोवतालच्या शिवारात राहते. नाग नदी शहराची घाण वाहून पूर्वेला कुही तालुक्यातून कन्हानला आणि तेथून वैनगंगेला नेते. १९८८ साली ज्याची पायाभरणी झाली त्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात ती जाऊन पडते. ज्या कुहीतील गावांनी त्या धरणासाठी आपली जमीन आणि घरे दिली, त्यांच्याच पदरात शहराचे मलिन पाणी पडावे, यासारखा दैवदुर्विलास नाही. शहराला पाणी देणारा, वीज देणारा आणि शहराची घाण पोटात घेणारा प्रदेश एका मतदारसंघात आणि त्याचा उपभोग घेणारे शहर दुसऱ्या मतदारसंघात, अशी ही मांडणी आहे. निदान या देवघेवीत ग्रामीण बाजूने बोलणारा एक प्रतिनिधी असावा, एवढेच तिचे समर्थन होऊ शकते. शहर जसजसे रामटेकमध्ये शिरते तसतसे तेवढेही समर्थन उरत नाही.

मतांचे गणित उमेदवाराला कोणी शिकवावे लागत नाही. कामठी आणि हिंगणा या शहराला लागून असलेल्या विधानसभा मतदारसंघांतील मतदार काटोल किंवा रामटेकपेक्षा बरेच अधिक आहेत. कामठी मतदारसंघ तर ईशान्येच्या छावणीच्या गावापासून मौद्याच्या धानशेतीपर्यंत आणि तेथून शहराला वळसा घालून दक्षिणेच्या बेसापर्यंत पसरला आहे. एका संध्याकाळी चार ले-आऊटमध्ये सभा घेतल्या की जितके मतदार भेटतात, तितक्यांना भेटण्यासाठी कुही-भिवापूरकडे आठवडा घालवावा लागेल. खासदार निधीचेही तेच. वर्षाला पाच कोटींचा निधी २२७ चौरस किलोमीटरच्या शहरालाही मिळतो आणि दीड हजारांहून अधिक गावांच्या रामटेकलाही तेवढाच. असे असूनही २०२४ मध्ये रामटेकमध्ये सुमारे ६१ टक्के मतदान झाले, तर नागपुरात ते सुमारे ५४ टक्क्यांवर थांबले. पी. व्ही. नरसिंह राव यांना १९८४ आणि १९८९ मध्ये निवडून देणाऱ्या या मतदारसंघाने पुढे शिवसेनेला कौल दिला, २००९ मध्ये मुकुल वासनिक यांना, २०१४ व २०१९ मध्ये कृपाल तुमाने यांना आणि २०२४ मध्ये श्यामकुमार बर्वे यांना लोकसभेत पाठविले. पक्ष बदलले, मतदारसंघाचा तोल शहराकडे झुकत जाण्याची क्रिया कोणाच्याही कारकिर्दीत थांबली नाही.

आता पुढच्या पुनर्रचनेत काय संभवते? शहरालगतची वस्ती नागपूर मतदारसंघाला जोडावी आणि रामटेक पुन्हा खऱ्या अर्थाने ग्रामीण करावा, हा उपाय वरवर सोपा वाटतो. परंतु अंकगणित त्याच्या विरुद्ध आहे. २०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. ४८ जागांनी भागल्यास एका जागेमागे सुमारे २३ लाख ४१ हजार लोक येतात. नागपूर शहर त्याच वेळी या सरासरीच्या वर गेले होते आणि उरलेला जिल्हा तिच्या खाली होता. लोकसंख्या समान करण्याचा एवढाच एक निकष लावला, तर शहरालगतची वस्ती नागपूरला मिळणे दूरच राहो, शहराचाच एखादा तुकडा रामटेकला जोडावा लागेल. म्हणजे जो मतदारसंघ आज तिसऱ्या हिश्श्याने नागरी आहे तो उद्या निम्म्याने होईल. शिवाय २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याची वाढ १४.४० टक्के, तर राज्याची जवळजवळ १६ टक्के होती. २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ वर आणि लोकसभेच्या ११ वरून १० वर आल्या, याचा विसर पडता कामा नये. जागांची एकूण संख्या कायम राहिली, तर पुणे-ठाण्याच्या वाढीची किंमत विदर्भाला पुन्हा मोजावी लागेल आणि विदर्भात ती प्रामुख्याने ग्रामीण भागाला मोजावी लागेल. जागा वाढल्या, तर मात्र शहराभोवतीच्या पट्ट्याचा स्वतंत्र मतदारसंघ करण्याची वाट मोकळी होईल.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर काँग्रेसचे मतदारसंघ नव्याने आखले जातात. रेषा तेथे शिळ्या होत नाहीत, हा गुण; परंतु बहुतेक राज्यांत लेखणी विधिमंडळातील बहुमताच्या हाती असते, हा दोष. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या नावावरून १८१२ साली रूढ झालेला 'जेरीमँडर' हा शब्द त्या दोषाचे स्मारक होऊन राहिला आहे. भारताने हे काम निवृत्त न्यायाधीशांच्या आयोगाकडे सोपवून तो धोका पुष्कळसा टाळला. मात्र आयोग निःपक्षपाती असला तरी त्याच्यापुढे केवळ आकडे ठेवले गेले, तर त्याचा निर्णय आकड्यांपुरताच राहणार.

या दृष्टीने तीन गोष्टी आतापासून करण्यासारख्या आहेत. घटनेच्या ८१ व्या अनुच्छेदाने मतदारसंघांची लोकसंख्या 'शक्यतोवर' समान असावी असे म्हटले आहे आणि २००२ च्या परिसीमन कायद्याने भौगोलिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण व लोकांची सोय हेही निकष मान्य केले आहेत. या तरतुदींचा आधार घेऊन शहरालगतची वस्ती एकत्र करणारे विधानसभा मतदारसंघ आखावेत. बेसा आणि मौदा यांची मोट बांधू नये. म्हणजे रामटेकमध्ये शहरी कडा राहिली तरी निदान चार आमदार निखळ ग्रामीण भागाचे राहतील. दुसरी गोष्ट म्हणजे घटनेच्या २४३ झेडई अनुच्छेदातील महानगर नियोजन समितीला खरे अधिकार द्यावेत. तिच्या दोन तृतीयांश सदस्यांची निवड नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून व्हावी असे घटना सांगते. पेंचचे पाणी, नाग नदीचे शुद्धीकरण आणि राखेची विल्हेवाट यांचे निर्णय तेथे व्हावेत. प्राधिकरणाच्या दालनात नव्हेत. तिसरी गोष्ट निधीची. विस्तार आणि गावांची संख्या यांना वजन देणारे सूत्र लागू केल्याशिवाय समान निधी हा असमान न्यायच ठरेल.

आयोग येईल तेव्हा हरकती आणि सूचना मागविल्या जातील, सुनावण्या होतील. त्या वेळी राजकीय पक्ष आपापले वॉर्ड आणि सर्कल घेऊन पुढे येतील, यात शंका नाही. काटोल-नरखेडच्या बागायतदारांनी, मौदा-रामटेकच्या धान उत्पादकांनी, कुहीच्या प्रकल्पग्रस्तांनी आणि बेसा-वाडीच्या रहिवाशांनीही आपले निवेदन आजच तयार करावे. नकाशावर एकदा ओढलेली रेषा पुसायला किती काळ लागतो, याचा अनुभव या जिल्ह्याने घेतला आहे.